सौरपंप बसला, आता विहिरीचं काय?

आजचा विषय आहे शेतातला सौरपंप. तुम्ही म्हणाल, आम्ही पुण्यात नाहीतर नाशकात नोकरी करतो, आम्हाला काय त्याचं? पण गावाकडून फोन येतो तो तुम्हालाच ना? "अरे, त्या सोलरचा फॉर्म ऑनलाईन भरायचाय, तेवढं बघ की." मग तुम्हीच पोर्टल उघडता, सातबारा अपलोड करता, ओटीपी टाकता आणि किती एचपीचा पंप हवा त्या चौकटीत टिक करता. म्हणजे घरातला हा मोठा निर्णय निम्मा तुमच्या मोबाईलवर होतो. म्हणून ती टिक करण्याआधी काय माहीत असायला हवं, ते आज बघू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा भाग सौरपंपाच्या विरोधात नाही. सौरपंप चांगलाच आहे. प्रश्न वेगळा आहे. ऊन फुकट आहे, पण विहिरीतलं पाणी मोजकंच आहे. या दोघांचा मेळ कोण घालणार?

रात्रीची लाईट आणि दिवसाचं ऊन

आधी चांगलं काय ते बोलू. महाराष्ट्रात शेतीला थ्री फेज लाईट साधारण आठ ते दहा तास मिळते आणि तिची पाळी बदलत राहते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की रात्री दोनला उठायचं, बॅटरी घ्यायची आणि दारं धरायला जायचं. थंडी, साप, चिखल. जुन्नरसारख्या भागात तर बिबट्या. तिथले शेतकरी दिवसा लाईट मागतात ती चैन म्हणून नाही, जीव वाचावा म्हणून. वर डीपी जळाली की आठ-आठ दिवस पाणी नाही.

ज्यांच्याकडे कनेक्शनच नाही त्यांचा आधार डिझेल इंजिन. पाच एचपीचं इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं. सहा तास चालवलं की पाचशेची नोट गेलीच.

सौरपंपाने हे सगळं एका झटक्यात सुटतं. सकाळी ऊन पडलं की पंप चालू, संध्याकाळी बंद. बिल नाही, डिझेल नाही, रात्रीचं जागरण नाही. राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ पासून आहे. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी आणि त्यापुढे साडेसात एचपी असा हिशेब आहे. नावनोंदणीला गर्दी झाली यात नवल नाही.

एक लाख लिटर म्हणजे किती?

आता थोडं गणित. घाबरू नका, पाचवीच्या मुलाला जमेल असं आहे.

५ एचपीच्या सौरपंपाला साधारण ४.८ किलोवॉटची पॅनेल लागतात. पाणी ३० मीटर, म्हणजे शंभर फुटांवरून उचलायचं असेल, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी असा पंप एक लाख लिटरहून जास्त पाणी वर काढू शकतो. एक लाख लिटर म्हणजे एक एकरावर साधारण एक इंच पाण्याचा थर.

आता तुमच्या विहिरीकडे या. समजा तिचा व्यास वीस फूट आहे. अशा विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. म्हणजे एक लाख लिटर काढायला विहिरीतलं अकरा फुटांहून जास्त पाणी लागतं. तेही एका दिवसात! दुसऱ्या दिवशी ऊन पुन्हा पडणार आणि पंप पुन्हा तयार. प्रश्न एवढाच की रात्रभरात विहिरीला तेवढं पाणी परत आलं का?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बसाल्टवर आहे. हा खडक स्पंजासारखा नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमाच्या थरात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. साठा कमी आणि तोही जागोजागी वेगळा. म्हणून एकाची विहीर मे महिन्यातही भरलेली आणि शंभर पावलांवरची दुसरी जानेवारीत कोरडी. आणि या भेगा शेताच्या बांधावर थांबत नाहीत. तुम्ही जास्त उपसलं की शेजारच्याच्या विहिरीची पातळी उतरते. त्याने बोअर मारला की तुमची उतरते.

ब्रेक कुठे गेला?

आता मुख्य मुद्दा. डिझेल इंजिनाला एक ब्रेक होता, तो म्हणजे पैसा. प्रत्येक तासाला खिशातून नोटा जात होत्या. त्यामुळे पिकाला जेवढं हवं तेवढं पाणी दिलं की इंजिन बंद. त्रासदायक होता, गरीब शेतकऱ्याला तर परवडतही नव्हता, पण ब्रेक होता.

विजेच्या मोटारीचं काय झालं? १९७० आणि ८० च्या दशकांत बऱ्याच राज्यांनी शेतीचे मीटर बाजूला ठेवले आणि एचपीप्रमाणे ठरावीक बिल सुरू केलं. म्हणजे महिन्याला दोन तास चालवा नाहीतर दोनशे तास, बिल तेवढंच. आता महाराष्ट्रात एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफतच आहे. पैशाचा ब्रेक गेला. उरला फक्त वेळेचा ब्रेक, म्हणजे लाईट किती तास आहे तो. आणि त्याच्यावरही आपल्या लोकांनी उपाय काढला: ऑटो स्विच. लाईट आली की मोटर आपोआप चालू. पिकाला पाणी हवंय की नको, हे मोटर विचारत नाही.

सौरपंप आला आणि दिवसा कधीही पाणी काढायची सोय झाली. आता पैशाचाही ब्रेक नाही आणि लाईटच्या पाळीचाही नाही. उन्हाळ्यात तर, जेव्हा विहिरीत पाणी सगळ्यात कमी असतं, तेव्हाच ऊन सगळ्यात कडक आणि पंप सगळ्यात जोरात.

याचा अर्थ सौरपंपवाला प्रत्येक शेतकरी पाणी वाया घालवतो, असा अजिबात नाही. पण विचार करा. पाणी आहे, पंप फुकट चालतोय, बाजारात उसाला किंवा केळीला हमखास गिऱ्हाईक आहे. अशा वेळी दोन एकर हरभरा करायचा की उसाची लागण करायची? निर्णय कुठे झुकेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

देशाचा आकडाही ऐकून ठेवा. भारत वर्षाला साधारण २४० अब्ज घनमीटर भूजल उपसतो. जगात सगळ्यात जास्त. त्यातलं साधारण ८७ टक्के शेतीला जातं.

ढुंडी गावाचा प्रयोग

मग ब्रेक परत कसा आणायचा? वीज महाग करून? ते कुठल्याही सरकारला जमणार नाही, आणि गरीब शेतकऱ्यावर अन्यायही होईल. गुजरातमध्ये काही संशोधकांनी उलट बाजूने विचार केला. शेतकऱ्याला पाणी काढल्याबद्दल दंड लावण्याऐवजी, न काढल्याबद्दल पैसे दिले तर?

आणंदमध्ये आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था आणि टाटा ट्रस्ट यांचा एक संशोधन कार्यक्रम चालतो. तुषार शाह हे तिथले अर्थशास्त्रज्ञ भूजलावर अनेक वर्षं काम करत आले आहेत. त्यांची कल्पना साधी होती. सौर वीज हेच एक पीक समजा. शेतकरी गहू विकतो, दूध विकतो, तशी वीजही विकेल. पंप चालवायचा नसेल त्या दिवशी पॅनेलची वीज ग्रिडला जाईल आणि शेतकऱ्याच्या खात्यात पैसे येतील.

हे करून बघितलं खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात, २०१६ मध्ये. सहा शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी सौर वीज उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापन केली. सगळ्यांची मिळून ५६.४ किलोवॉटची पॅनेल. वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार झाला, युनिटला ४ रुपये ६३ पैसे. त्यावर संशोधन कार्यक्रमातून दोन बोनस: सव्वा रुपया हरित ऊर्जेसाठी आणि सव्वा रुपया पाणी वाचवण्यासाठी. एकूण ७ रुपये १३ पैसे.

आता शेतकऱ्याच्या डोक्याने विचार करा. माझी ९ किलोवॉटची पॅनेल आहेत. चांगल्या उन्हात दिवसाला ४० युनिट वीज होते. म्हणजे २८५ रुपये. आज पंप दिवसभर चालवला तर तेवढे पैसे गेले. चार तास चालवला तर निम्मे गेले. मग मी आपोआप विचारतो, आज पिकाला पाणी खरंच हवंय का? ब्रेक परत आला! आणि तोही शिक्षा म्हणून नाही, कमाई म्हणून.

सहकारी मंडळी कशाला, एकेकट्याने का नाही? त्यालाही कारण आहे. वीज कंपनीला गावोगावच्या प्रत्येक बांधावर मीटर बसवून, वाचून, बिल काढणं परवडत नाही. शिवाय लबाडीची भीती असते. कुणी ग्रिडची स्वस्त वीज घेऊन तीच सौर वीज म्हणून परत विकली तर? ढुंडीत सहाही पंप एका छोट्या जाळ्यात जोडले आणि कंपनीसाठी मीटर एकच ठेवला. आतला हिशेब मंडळीने करायचा. गडबड करणारा पकडायला बाहेरचा अधिकारी नको, शेजारीच पुरेसा. महाराष्ट्रात दूध संघ आणि साखर कारखाने बघत मोठे झालेल्यांना ही सहकाराची ताकद वेगळी सांगायला नको. आणि तिच्या खोड्याही.

प्रयोगाने काय दाखवलं, काय नाही

ढुंडीचं कौतुक खूप झालं. पण कौतुकाच्या पुढे जाऊन बघू.

एक, शेतकऱ्यांनी खरंच वीज विकली. शेतीच्या उत्पन्नात अशी कमाई आली जिला रोग पडत नाही, गारपीट लागत नाही आणि व्यापारी भाव पाडत नाही.

दोन, त्यांनी शेजाऱ्यांना पाणी विकणंही सुरू ठेवलं. शेजारी आधी डिझेलच्या पाण्यावर होते, त्यांना सौरपंपाचं पाणी स्वस्त पडलं. हे वाईट आहे का? ज्याच्याकडे विहीर नाही त्या छोट्या शेतकऱ्याला स्वस्तात पाणी मिळालं, ही चांगलीच गोष्ट. पण उपसा कमी झाला का, या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे सरळ राहत नाही. शेतकऱ्यापुढे तीन वाटा असतात: स्वतःचं पीक, शेजाऱ्याला पाणी, ग्रिडला वीज. ज्यात जास्त पैसे तिकडे तो जाणार. म्हणजे विजेचा दर पुरेसा नसेल तर ब्रेक लागतच नाही.

तीन, दर कोण देणार? २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला सोलर पार्कच्या लिलावात विजेचा दर २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. वीज कंपनी म्हणणार, मोठ्या प्रकल्पाची वीज इतकी स्वस्त मिळते तर शेतकऱ्याला सात रुपये का देऊ? उलट बाजूने सांगता येतं की गावातली वीज गावातच वापरली जाते, तारांमधली गळती वाचते, शेतीच्या विजेवरची सबसिडी वाचते आणि पाणी वाचलं तर तो फायदा वेगळाच. दोन्ही बाजूंत दम आहे. गुजरात सरकारने २०१८ मध्ये सूर्यशक्ती किसान योजना आणली. त्यात पहिली सात वर्षं युनिटला ७ रुपये ठरले, निम्मे वीज कंपनीचे आणि निम्मे सरकारचे. त्यानंतर फक्त साडेतीन.

चार, ढुंडी सहा शेतकऱ्यांपासून सुरू झालेला प्रयोग आहे, आणि मध्य गुजरातची जमीन गाळाची. आपला खडक वेगळा. तिथलं सगळं जसंच्या तसं इथे चालेल, असं म्हणणं घाईचं होईल. उचलायचं ते तत्त्व.

हेच तत्त्व पंजाबने २०१८ मध्ये सौरपंपाशिवाय वापरून बघितलं. 'पाणी वाचवा, पैसे कमवा' या अर्थाच्या नावाची योजना. शेतकऱ्याला ठरावीक युनिट वीज दिली आणि त्यातली जेवढी वाचली त्यावर युनिटला ४ रुपये थेट खात्यात. वीज फुकटच राहिली, पण वाचवण्याला भाव आला.

आपल्याकडे कुठली वाट निवडली?

केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ पासून आहे. तिच्यात तीन घटक आहेत. 'अ' म्हणजे छोटे सौर प्रकल्प, 'ब' म्हणजे ग्रिडला न जोडलेला स्वतंत्र सौरपंप, 'क' म्हणजे ग्रिडला जोडलेल्या पंपाचं किंवा पूर्ण फिडरचं सौरीकरण. पंपाची उरलेली वीज विकायची वाट फक्त 'क' मधल्या जोडलेल्या पंपाला आहे, आणि तिथेच काम सगळ्यात हळू झालं. सगळ्यात जोरात चालला तो 'ब'. त्यात महाराष्ट्र आघाडीवर. 'मागेल त्याला' योजनेतला पंपही असाच स्वतंत्र. त्याची उरलेली वीज कुठेच जात नाही. पावसाळ्यात आणि पीक निघाल्यावर पॅनेल नुसती ऊन खात उभी.

महाराष्ट्राची दुसरी वाट म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. इथे पॅनेल पंपाला नाही, फिडरला. सबस्टेशनजवळ मोठा सौर प्रकल्प, त्यातून शेतीला दिवसा लाईट. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. शेतकऱ्याला आपल्या शेतात पॅनेल राखत बसायला नको, वीज कंपनीला वीज स्वस्त. विचार चांगला आहे.

पण दोन्ही वाटांमध्ये एक गोष्ट राहिली, बघा. दिवसा लाईट मिळाली, सरकारचा खर्च कमी झाला, प्रदूषण कमी झालं. पण विहिरीत पाणी शिल्लक ठेवणाऱ्याला काय मिळालं? काहीच नाही. आज जो उपसतो त्याचा फायदा, जो थांबतो त्याचं नुकसान, कारण त्याने ठेवलेलं पाणी शेजारी उपसणार.

अजून एक. सौरपंप मिळतो कुणाला? ज्याच्याकडे जमीन आहे आणि पाण्याचा स्रोत आहे त्याला. कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर रांगेतही नाहीत. पण पाण्याची पातळी खाली गेली की गावातली पिण्याच्या पाण्याची विहीर त्यांचीही आटते. टँकरसमोर हंडे घेऊन उभं राहायला त्यांच्याच घरातल्या बाया जातात. म्हणून हा प्रश्न फक्त पंपवाल्यांचा नाही, अख्ख्या गावाचा आहे.

मग घरी काय सांगायचं?

सरकारी धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत ब्रेक गावाने आणि घराने स्वतः लावायचा. काही सोप्या गोष्टी:

१. *विहीर मोजा.* दोरीला दगड बांधा, दर फुटाला गाठ मारा, महिन्यातून एकदा ठरावीक तारखेला सकाळी पंप सुरू करायच्या आधी पातळी बघा. आकडा मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुमची विहीर तुम्ही बारा वेळा मोजू शकता.

२. *एचपी विहिरीवरून ठरवा, हौसेवरून नाही.* मोठा पंप म्हणजे जास्त पाणी नाही. विहिरीत जेवढं पाणी येतं तेवढंच मिळणार. मोठा पंप फक्त ती लवकर कोरडी करतो.

३. *ठिबक आधी किंवा सोबत.* सौरपंपाचा दाब उन्हाप्रमाणे कमी-जास्त होतो. म्हणून शक्य असेल तिथे उंचावर टाकी किंवा शेततळं, आणि तिथून ठिबक. पण एक लक्षात ठेवा. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर लगेच दोन एकर ऊस वाढवला, तर वाचलं काहीच नाही.

४. *उरलेली वीज वापरा.* एकाच पॅनेलवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवू देणारे कंट्रोलर आता मिळतात. पंप घेताना पुरवठादाराला विचारा. पाणी न काढताही पॅनेल कामाला आलं तर तोही एक छोटा ब्रेकच.

५. *गावात पाण्याचा ताळेबंद मांडा.* नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे दरवर्षी करतं. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती, त्यावरून कोणती पिकं घ्यायची हे ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर मारायला तिथे बंदी आहे. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यातही शेतीच्या विहिरीला ६० मीटर खोलीची मर्यादा आहे. कायदा कागदावर आहेच. हिवरे बाजारात फरक पडला तो गावाने एकत्र बसून ठरवल्यामुळे.

यातलं पाचवं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं. एकट्याने पंप कमी चालवून खडकातलं पाणी वाचत नाही. दहा विहिरींचे आकडे एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर आले की मात्र बोलणं बदलतं. "तुझ्यामुळे माझी विहीर आटली" या भांडणाच्या जागी "सगळ्यांचीच चार फूट उतरली, या वर्षी उन्हाळी पीक घ्यायचं का?" हा प्रश्न येतो.

तेव्हा पुढच्या वेळी घरून फॉर्म भरायला फोन आला की फॉर्म जरूर भरा. फक्त एचपीच्या चौकटीत टिक करायच्या आधी एक विचारा: "आपल्या विहिरीत आज किती फूट पाणी आहे?" उत्तर कुणालाच माहीत नसेल, तर आधी दोरी आणि दगड.

तुमच्या गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात का? विहीर कुणी मोजतं का? कमेंटमध्ये लिहा, आकडे असतील तर अजून छान. आणि हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात.